रतामाखालची भाकर

सप्टेंबरच्या आठ तारखेनंतरच्या आठवड्यात वांद्र्याला मोत मावलीची जत्रा भरते. भाईंदर, उत्तन, गोराई, वसई इकडून माणसे लोंढ्याने जातात, आणि त्यांत ख्रिस्ती असतात तेवढेच इतरही. टेकडीच्या चढावर मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात घ्यावा, पायाला पाय, मूल हवे असेल तर बाळ, डोक्यावर छप्पर हवे असेल तर छोटे घर. आपले मागणे असे हातात धरून मावलीपुढे ठेवता येते, ही फार मोठी सोय आहे. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, जेवण मातीसारखे लागते, आवडत्या माणसांचा आवाजही नकोसा होतो, त्याने कोणता साचा मागावा? आपल्याकडे त्याच्याविषयी ‘जीव रमत नाही’ एवढेच बोलले जाते. मग कारण शोधताना नजर, बाधा, आळस, मोबाइल अशी यादी होते. ख्रिस्ती घरांत त्या यादीत आणखी एक भर पडते: श्रद्धा कमी पडली.

‘रोजरी धर, सगळं नीट होईल,’ असे सांगणारी आजी दुष्ट नसते. तिने स्वतः कितीतरी रात्री त्याच माळेवर काढलेल्या असतात. माझी तक्रार तिच्या उपायाविषयी नाही, क्रमाविषयी आहे. कारण हा क्रम बायबलमध्येच दिलेला आहे, आणि तो तिच्या सल्ल्याच्या उलटा आहे.

राजांच्या पहिल्या ग्रंथात एलीया संदेष्ट्याची गोष्ट येते. कर्मेल डोंगरावर त्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकट्याने हरवले. दीर्घ अवर्षणानंतर पाऊस आला. त्या पावसात तो अहाब राजाच्या रथापुढे धावत गेला. म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय त्याच्या पदरात होता. लगोलग ईजबेल राणीचा निरोप येतो की तुला ठार करीन, आणि हा माणूस कोसळतो. बैर-शेब्यापर्यंत पळतो, नोकराला तिथेच सोडतो, एकटा रानात एक दिवसाची वाट चालून एका रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण आपल्या वाडवडिलांपेक्षा काही बरे निपजलो नाही, असेही म्हणतो. आजचा मनोविकारतज्ज्ञ हा प्रसंग वाचताना पेन उचलील: यशानंतरची पडझड, सोबत्याला मुद्दाम दूर करणे, स्वतःला कवडीमोल ठरवणे, मरणाची इच्छा, आणि मग झोप.

आता देवदूत काय करतो ते पाहावे. तो प्रवचन देत नाही. ‘कर्मेलवर तुझी श्रद्धा केवढी होती, आता कुठे गेली?’ असे विचारत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श, पुन्हा भाकर. कारण एवढेच सांगतो की पुढची वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल होते आणि मग होरेब डोंगर येतो. देवाचा पहिला प्रश्न, ‘तू इथे काय करतो आहेस?’, हा तिथे पोचल्यावर येतो. आधी झोप, अन्न, पाणी, स्पर्श, चालणे आणि त्यानंतर देव.

भगवद्गीतेची आठवण मराठी वाचकाला इथे होणारच. अर्जुनाच्या विषादाला अठरा अध्यायांचे उत्तर मिळाले, एलीयाला भाकर. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. अर्जुनाचा पेच कर्तव्याचा होता, त्याला युक्तिवाद पचणार होता. रानात आडव्या झालेल्या माणसाला युक्तिवाद पचत नाही. आपण मात्र दोघांनाही अठरा अध्याय देत सुटतो.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे, आणि धर्मोपदेशांत तो सहसा सुटतो. होरेबावर सोसाट्याचा वारा होतो, भूकंप होतो, अग्नी येतो आणि शेवटी तो प्रसिद्ध मंद स्वर. त्यानंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तेच रडगाणे शब्दाला शब्द लावून पुन्हा गातो. मी एकटाच उरलो, माझाही जीव घ्यायला ते टपले आहेत. देवाचा एवढा साक्षात्कार होऊनही त्याच्या मनाचा सूर बदललेला नाही! देवही त्यावर चिडत नाही. तो त्याला परत पाठवतो, तीन कामे सोपवतो, त्याच्या जागी पुढे अलीशाला अभिषेक करायला सांगतो, आणि तू समजतोस तसा तू एकटा नाहीस, सात हजार जण अजून उभे आहेत, असे कळवतो. उपचाराचा उत्तरार्ध हा असा आहे: थोडे काम, त्या कामात वाटेकरी, आणि चुकीच्या हिशेबाची दुरुस्ती.

कामाची ही बाजू पुढे इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी फार बारकाईने हाताळली. चौथ्या शतकातला इव्हाग्रियस हा त्यांच्यातला मनाचा मोठा निरीक्षक. भर दुपारी साधूवर येणाऱ्या एका अवस्थेचे त्याने वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, माणूस सारखा खिडकीकडे पाहतो, राहत्या जागेचा, हातातल्या कामाचा, सोबतच्या बंधूंचा वीट येतो. ‘दुपारचे भूत’ असे तिचे नाव पडले. संत अंतोनीची आख्यायिका त्याच परंपरेतली. तो अशाच घेरीत सापडून देवाला वाट विचारतो, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसतो. तो बसून दोर वळतो, मग उठून प्रार्थना करतो, पुन्हा बसून दोर वळतो. उपदेश एवढाच. उत्तनच्या किनाऱ्यावर जाळे सांधत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला ही गोष्ट सांगितली तर त्याला त्यात नवल वाटणार नाही.

पण इथूनच एक वाकडी वाटही फुटली. सहाव्या शतकात पोप ग्रेगरीने दुर्गुणांची यादी नव्याने लावली, पुढे मध्ययुगात ती ‘सात घातकी पापे’ म्हणून पक्की झाली, आणि साधूची ती थकलेली, सुकलेली अवस्था हळूहळू आळस या पापाच्या खात्यात जमा झाली. तपस्व्यांनी ज्याला झटका म्हटले होते, त्याला लोकांनी गुन्हा म्हटले. त्याची किंमत घराघरांनी मोजली. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या नव्या संहितेतून ती तरतूद गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट सांगितले की तीव्र मानसिक विकार माणसाची जबाबदारी कमी करतात आणि अशा मृतांच्या तारणाची आशा सोडू नये. चर्चने कायदा बदलून चाळीसहून अधिक वर्षे झाली. गावातली कुजबुज बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो आहे.

श्रद्धेने नैराश्य पळते, हे विधान मला म्हणूनच धोक्याचे वाटते. इंग्लंडमधला अठराव्या शतकातला कवी विल्यम कूपर याचे आयुष्य या बाबतीत वाचण्यासारखे आहे. त्याची भजने आजही प्रार्थनामंदिरांत गायली जातात. तो श्रद्धाळू होता, आणि त्याला वारंवार तीव्र नैराश्य येई. त्या काळात त्याची खात्री झालेली असे की देवाने नेमके आपल्यालाच टाकले आहे. म्हणजे आजाराने श्रद्धेलाच आपली भाषा बनवले. ज्याची श्रद्धा नाही त्याला नैराश्य म्हणते, तुझे आयुष्य फुकट आहे. श्रद्धाळूला म्हणते, तू शापित आहेस. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा जड असते, कारण त्यावर अपील कोणाकडे करायचे? कूपरला सावरले ते बागकामाने, पाळलेल्या तीन सशांनी, आणि मेरी अन्विन या बाईच्या घरातल्या वर्षानुवर्षांच्या सोबतीने. पूर्ण बरा तो कधीच झाला नाही. अशा माणसाच्या उशाशी बसून त्याला पापांची यादी विचारणे म्हणजे आजाराच्या बाजूने साक्ष देणे.

बायबलने मात्र या अंधाराला जागा दिली आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उजेडाकडे वळतच नाही, ते अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. संपादन करणाऱ्या कुणीतरी त्याला एक आशादायी शेवट जोडला नाही याबद्दल मला त्या अज्ञात माणसाचे आभार मानावेसे वाटतात.

मराठी मुलखात एलीयाच्या गोष्टीतल्या क्रमाचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. दुष्काळात थोड्या काळाच्या अंतराने आई, वडील, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये नवरा. चोविशीच्या आत एवढी माणसे गेल्यावर एखादी बाई भिंतीकडे तोंड करून पडली असती तर कोणी दोष दिला नसता. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बाया आणून केडगावला ठेवल्या. तिथले त्यांचे मुक्ती मिशन म्हणजे केवळ प्रार्थनामंदिर नव्हते. तिथे शेती होती, गुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होते. रमाबाईंवर धर्मांतराच्या हेतूचा आरोप आयुष्यभर झाला आणि त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण उद्ध्वस्त माणसाला आधी अन्न, मग हाताला काम, मग पुस्तक, हा क्रम त्यांनी पाळला.

आता निसर्गोपचार. या बाबतीत ख्रिस्ती परंपरा आपल्या समजुतीपेक्षा जास्त मातीतली आहे. बाराव्या शतकातली जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड हिने उदासीची मुळे थेट आदामाच्या पतनात शोधली, काळे पित्त तिथूनच आले म्हणाली. आणि इतकी गहन मीमांसा करून उपाय काय सांगितला, तर जायफळ, दालचिनी आणि लवंग घातलेल्या छोट्या वड्या खाव्यात. आपल्या श्रीखंडातले जायफळ! तिच्या कारणमीमांसेवर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. पण आदामाचे पाप आणि डब्यातला मसाला यांच्यामध्ये तिला दरी दिसली नाही, हे मला आवडते. चरकानेही रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले होते; म्हणजे मन आणि देह वेगळे मांडण्याची घाई दोन्हीकडच्या जुन्या वैद्यांना नव्हती.

नैराश्यावरची सगळ्यात गाजलेली वनस्पती तर एका संताच्याच नावाने ओळखली जाते. सेंट जॉन्स वर्ट. युरोपात ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या, २४ जूनच्या सुमारास पिवळ्या फुलांनी भरते. त्याच दिवशी आपल्या गोव्यात सांजाव होतो, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल चढवून पोरे विहिरीत उड्या मारतात. ही वनस्पती कोकणपट्टीत उगवत नाही, इथे ती कॅप्सूलमधून येते. जर्मनीत तिचा वापर मोठा आहे. २००८ च्या कॉक्रेन समीक्षेने २९ चाचण्या तपासून असा निष्कर्ष काढला की नैराश्यात ती औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या बरोबरीची ठरते, मात्र जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत फायदा जास्त दिसतो. हे वाचून कुणी ऑनलाइन मागवील, म्हणून पुढचे वाक्यही वाचावे. ही वनस्पती यकृतात औषधे मोडली जाण्याची गती वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, एचआयव्हीची काही औषधे यांचा परिणाम उणा होतो. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकते. डॉक्टरला न सांगता घेण्याची ही चीज नव्हे.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ या प्रश्नाला मुंबईनेच एक उत्तर दिले आहे. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो यावरचा आपला लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि आयुर्वेदातली ही मुळी जगभर गेली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. मग डॉक्टरांना दिसू लागले की ते घेणाऱ्या काही रुग्णांना गडद उदासी येते. हे कितपत खरे यावर पुढे वाद झाला, पण मेंदूतल्या रसायनांचा आणि नैराश्याचा संबंध जोडण्याच्या विचाराला त्या निरीक्षणाने चालना दिली. एक निव्वळ नैसर्गिक मुळी, उदासी आणणारी! त्याच १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरचा उपयोग प्रसिद्ध केला. लिथियमचे क्षार जमिनीतून येतात; भाईंदरच्या मिठागरांत जे सोडियम उन्हावर पिकते, त्याच्याच घराण्यातला हा धातू. मग झाडपाला तेवढा देवाचा आणि गोळी तेवढी कंपनीची, ही वाटणी कुठल्या आधारावर करायची? सिराखच्या ग्रंथात, जो कॅथलिक बायबलमध्ये आहे, वैद्याचा मान राखा आणि परमेश्वराने भूमीतून निर्माण केलेली औषधे शहाणा माणूस टाकत नाही अशा अर्थाचा उपदेश अडतिसाव्या अध्यायात आहे. त्यात गोळीची मनाई मला सापडली नाही.

आणि काही वेळा ‘मनाचे’ दुखणे रक्ताच्या एका तपासणीत सापडते. थायरॉइड मंदावलेला असतो, बी-१२ उतरलेले असते, बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन तळाला गेलेले असते. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू करण्याआधी, निदान तिच्या पहिल्या दिवशी, ही तपासणी व्हावी.

निसर्गाचा उपायही कुणाला लागू पडतो हे पाहावे लागते. मीरा-भाईंदर हे एकच शहर आहे ते महापालिकेच्या कागदावर. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांची ही वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. त्या दोन आकड्यांच्या मध्ये मीरा रोडचे सगळे मनोरे उभे राहिले. पश्चिमेला खाडी, मिठागरे ओलांडून उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही जुनी गावठाणे, तिथली ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरे. मीरा रोडच्या सातव्या मजल्यावर दिवसभर ट्यूबलाइट लावून बसणाऱ्या सुनेला कोणी सकाळचे ऊन आणि रोजचे चालणे सांगितले तर ते खुळचट नाही. प्रकाशोपचाराला १९८४ पासूनच्या संशोधनाचा आधार आहे आणि हलक्या-मध्यम नैराश्यात नियमित व्यायामाचा उपयोग होतो याला आता बऱ्यापैकी पुरावा आहे. पण उत्तनच्या कोळणीला ऊन कमी पडलेले नाही. ती पहाटेपासून बंदरावर असते, वलांडीवर बोंबील टाकते, चार बायांच्या सोबतीने मासळी निवडते, रविवारी मिस्साला जाते. ऊन, श्रम, समुद्र, सोबत, श्रद्धा, सगळे आहे. तरी तिलाही हा आजार होतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारून पडतात, पुरुष घरात बसतात, कर्जाचे हप्ते मात्र बसत नाहीत, काही घरांत बाटली उघडते. निसर्गाच्या कुशीत राहणारे लोक सुखी असतात ही शहरी माणसाची कल्पना उत्तनमध्ये पावसाळा काढल्यावर टिकणार नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेले आढळले, आणि त्या वेळी नैराश्यात असलेल्या दर शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास लोक उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, पण ‘ठाण्याला पाठवला’ या वाक्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो हे सांगायला नको. त्या नावाची भीती वाटणाऱ्यांसाठी २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चालते. घरातून, मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर तो फोन त्याच रात्री लावावा, आणि तोवर माणसाला एकटे सोडू नये. प्रार्थनासभेत बरे वाटले म्हणून चालू गोळी मनाने बंद करणे हे तर मी कितीदा ऐकले आहे. गोळी बंद करायची तर ती ज्याने दिली त्याला विचारून, हळूहळू.

चर्चपाशी या आजारासाठी एक संस्कार आहे आणि तो वापरला जात नाही. आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावण्याचा. पूर्वी तो अखेरच्या घटकेसाठी राखलेला होता, त्यामुळे फादर तेल घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. आता तो गंभीर आजारी असलेल्या कुणालाही, पुन्हा पुन्हाही देता येतो, आणि गंभीर मानसिक आजार त्यात धरायला हरकत नाही. तेल ऑलिव्हचे हवे ही अटही तेव्हा सैल झाली. ऑलिव्ह मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीचे चालते. म्हणजे उत्तनमध्ये खोबरेलसुद्धा चालेल. श्रद्धा आणि निसर्ग यांची सांगड घालणाऱ्यांना याहून सोपे आणखी काय हवे? तरी आजोबांना अर्धांगाचा झटका आला की फादरना बोलावणारे घर, सहा महिने खोलीचे दार लावून बसलेल्या मुलासाठी त्यांना बोलावत नाही. बोलावले तर आलेले फादर तेल लावतील, आणि सुज्ञ असतील तर जाताना विचारतील की याला डॉक्टरकडे कधी नेता.